खाडीपलीकडची प्रत : रॉक संगीताचे चाहते आणि पाठचिकित्सेचा प्रश्न

मराठी समीक्षेने 'रसिक' हा शब्द जितक्या आदराने जपला, तितक्याच सहजतेने 'चाहता' हा शब्द उंबरठ्याबाहेर ठेवला. रसिकाला अभिरुची असते, चाहत्याला वेड असते; रसिक आस्वाद घेतो, चाहता नुसता गोळा करतो, असा हा भेद. तो किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी दूर जायला नको. बालगंधर्वांच्या एखाद्या पदाची तीन मिनिटांची तबकडी खरी मानायची, की रंगभूमीवर वन्समोअर घेत लांबत जाणाऱ्या त्याच पदाची स्मृती खरी मानायची, यावर दोन वृद्ध गृहस्थ हमरीतुमरीवर आले, तर तो अभिरुचीचा वाद ठरतो आणि वाङ्मयीन नियतकालिकांत त्याला जागा मिळते. 'रॉक मशीन' या मुंबईच्या बँडची १९८८ ची ध्वनिफीत खरी की १९९५ ची, यावर वसई रोडच्या फलाटावर दोन मध्यमवयीन माणसे तितक्याच तपशिलाने भांडली, तर तो मात्र पोरकटपणा. वादाची रचना एकच, पुरावे एकाच जातीचे, आवेशही सारखाच. फरक इतकाच की पहिल्या वादावर पुरेशी धूळ बसली आहे. आणि धूळ म्हणजेच परंपरा, असा मराठी समीक्षेचा जुना गैरसमज आहे.

हा दुसरा वाद नेमका कशाबद्दल आहे ते आधी मांडायला हवे, कारण त्याची टिंगल करणाऱ्यांनी तो बहुधा ऐकलेला नसतो. रॉक मशीन १९८४ मध्ये मुंबईत उभा राहिला. प्रारंभी तोही इतरांप्रमाणे परदेशी बँडची गाणी वाजवीत असे. पुढे त्याने स्वतः रचलेल्या गाण्यांचा आग्रह धरला आणि 'रॉक अँड रोल रेनिगेड' (१९८८) व 'द सेकंड कमिंग' (१९९०) हे संग्रह काढले. १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, त्याच नावाचा संग्रह १९९५ मध्ये आला आणि १९९७ मध्ये बँड मोडला. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने सभासद दोन नव्या वादकांना घेऊन पुन्हा उभे राहिले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' निघाला. एवढ्याशा चरित्रातून चाहत्यांनी काढलेले प्रश्न पाहावेत. नाव बदलल्यावर बँड तोच राहिला काय? सभासद बदलत गेले, तर कितवा माणूस गेल्यावर बँड संपतो? नावात सिंधू आणणे ही आत्मशोधाची खूण, की बाजाराने मागितलेला वेश? प्रेक्षकांसमोर वाजलेले गाणे आणि स्टुडिओत मुद्रित झालेले तेच गाणे, यांत प्रमाण कोणते? (ज्या गावाने बसाईं, बाजीपूर, बसीन आणि वसई अशी नावे पाहिली, तिथल्या माणसाला नामांतराने वस्तू बदलते की नाही हा प्रश्न निदान नवखा नाही.) हे प्रश्न पोरकट असतील, तर कर्तृत्व, संहिता आणि प्रामाण्य यांविषयी मराठीत झालेली सगळी चर्चाच पोरकट मानावी लागेल.

इतरत्र हा वाद याहून पुढे गेला आहे. 'निर्वाणा' या अमेरिकी बँडचा 'इन यूटेरो' हा संग्रह १९९३ मध्ये स्टीव्ह अल्बिनी यांनी मुद्रित केला. प्रकाशनापूर्वी त्यांतल्या दोन गाण्यांचे ध्वनिमिश्रण स्कॉट लिट यांच्याकडून नव्याने करून घेतले गेले. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, अल्बिनींचे त्या दोन गाण्यांचे मूळ मिश्रण आणि संपूर्ण संग्रहाचे एक ताजे मिश्रण, दोन्ही श्रोत्यांच्या हाती आली. म्हणजे एकाच कृतीचे तीन पाठ झाले. 'द रिप्लेसमेंट्स'चे उदाहरण तर त्याहून बोलके. त्यांचा 'टिम' हा १९८५ चा संग्रह टॉमी अर्देली यांनी सिद्ध केला. त्याचा आवाज पातळ आणि दूरचा वाटतो अशी तक्रार चाहते अनेक वर्षे करीत राहिले. २०२३ मध्ये एड स्टॅसियम यांनी मूळ फितींवरून नवे मिश्रण केले, आणि लगेच दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, खरा 'टिम' आता ऐकू आला. दुसऱ्याचे म्हणणे, अडतीस वर्षे ज्यावर प्रेम केले ते खोटे कसे ठरेल?

हा दुसरा प्रश्न भावुक वाटतो. पण भारतीय पाठचिकित्सेच्या सर्वांत मोठ्या प्रकल्पापुढे तोच प्रश्न आजही उभा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीने शेकडो हस्तलिखिते ताडून जी संहिता सिद्ध झाली, ती विद्वत्तेचा मानदंड आहे याबद्दल दुमत नाही. परंतु ती संहिता जशीच्या तशी कोणत्याही पुराणिकाने कधी सांगितली नव्हती, कोणत्याही श्रोत्याने कधी ऐकली नव्हती. श्रोत्यांच्या पिढ्या ज्या कथांवर वाढल्या, त्यांतल्या कितीतरी तळटीपांत आणि परिशिष्टांत गेल्या. सुकथनकरांचे महाभारत आणि स्टॅसियम यांचा 'टिम' यांत तोलाचा फरक आहेच, प्रश्नाच्या जातीचा नाही: जो पाठ कोणी ऐकलाच नव्हता तो 'मूळ' कसा, आणि जो सर्वांनी ऐकला तो 'प्रक्षिप्त' कसा?

मराठीत तर या प्रश्नाला घरचा इतिहास आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. एकनाथांनी ती शुद्ध केली शके १५०६ मध्ये, आणि तीत आपल्या ओव्या मिसळणाऱ्यांना कडक शब्दांत बजावले. त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी, १९०९ मध्ये, राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि वादाला तोंड फुटले. वारकऱ्याने मात्र कोणती ओवी कोणत्या पोथीत आहे हे विचारून पारायण केले नाही. तुकारामाच्या गाथेचेही तेच. १८६९ मध्ये शंकर पांडुरंग पंडितांची आवृत्ती निघू लागल्यापासून अभंगांची संख्या आणि अस्सलपणा हा विद्वानांचा विषय झाला, आणि त्याच काळात कीर्तनात अभंग पूर्वीप्रमाणेच लांबत, आखूड होत, शब्द बदलत फिरत राहिला. जो समीक्षक या इतिहासावर अभिमानाने व्याख्याने देतो, त्याने चाहत्यांच्या फितींच्या भांडणाला हसावे, हा विनोद खराच. पण हसू कोणावर यावे हा प्रश्न वेगळा.

इथवर चाहत्यांची बाजू झाली. आता त्यांच्याविरुद्ध.

या वादांत चाहत्यांनी उभारलेली प्रामाण्याची उतरंड समीक्षकांच्या उतरंडीइतकीच जुनाट आहे. तिच्या माथ्यावर बसतो तो 'तिथे होतो' म्हणणारा. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आले, परिसर शांतता क्षेत्रात गणला गेला आणि तिथले गाणे थांबले. त्या उघड्या नाट्यगृहात ज्याने कार्यक्रम ऐकले, त्याचा शब्द अखेरचा. त्याखाली मूळ छापील कॅसेट बाळगणारा. त्याखाली पुढे सीडी घेणारा. आणि अगदी तळाशी, ज्याने मित्राकडून उतरवून घेतलेली फीत ऐकली तो. ही उतरंड अभिरुचीची दिसते. प्रत्यक्षात ती पत्त्याची आहे. रंगभवनापासून चालत घरी जाणाऱ्याला पूर्ण कार्यक्रम मिळाला. साठ किलोमीटरवरच्या विरारला जायचे असेल, तर मरीन लाइन्सला गाडी पकडण्यासाठी केव्हा उठायचे हे संगीत ठरवीत नाही, वेळापत्रक ठरवते. पुढे आगाशी-अर्नाळ्याची एसटी गाठायची असेल, तर आणखी लवकर. खाडीपलीकडच्या श्रोत्याचा कार्यक्रम शेवटच्या गाण्याआधीच संपतो. त्याच्या स्मृतीत तो तसाच संपलेला आहे. मग बँडच्या इतिहासात त्या कार्यक्रमाचा शेवट कोणता लिहायचा?

आणि उतरंडीच्या तळाशी असलेल्या त्या उतरवलेल्या फितीकडे तर अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण खाडीपलीकडच्या पुष्कळ श्रोत्यांची संहिता तीच होती. आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेला एखादा नातलग कॅसेट आणी, किंवा मुंबईच्या कॉलेजात जाणारा कोणी ती चार दिवसांपुरती मागून घेई. मग डबल कॅसेटच्या टेपरेकॉर्डरवर तिची प्रत निघे, त्या प्रतीची प्रत, आणि तिचीही पुढे. या प्रक्रियेचे स्वतःचे नियम आहेत, आणि ते पोथीच्या नकलेच्या नियमांहून फार वेगळे नाहीत. प्रत्येक प्रतीबरोबर फितीची खरखर वाढते. वरच्या पट्टीतले आवाज आधी मावळतात: झांजांची किणकिण जाते, गिटारची धार बोथट होते, मधला गळा आणि खालचा बेस तेवढे टिकतात. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूस तीस मिनिटे. पस्तीस मिनिटांची बाजू तीवर उतरवली की पाच मिनिटे कापली जातात, बहुधा शेवटच्या गाण्याचा उत्तरार्ध. उरलेल्या जागेत कोणी दुसऱ्याच बँडचे गाणे भरी, आणि पुढच्या नकलेत ते याच बँडचे म्हणून नांदू लागे. पोथ्यांच्या अभ्यासकाला हा प्रकार सांगावा लागत नाही. त्याला तो प्रक्षेप म्हणतो.

सर्वांत मनोरंजक गोष्ट पट्टीची. मूळ फीत वाजवणाऱ्या यंत्राची मोटर किंचित मंद असेल, तर गाणे प्रतीत खालच्या सुरात उतरते. जलद असेल तर वर चढते. अशा प्रतीवरून जो कानाने गिटार शिकला, त्याने तारा त्या प्रतीशी जुळवल्या. दोघे वेगवेगळ्या प्रतींवरून शिकलेले वादक एकत्र बसले, की गाणे कोणत्या पट्टीतले यावर अर्ध्या सुराचा वाद अटळ. दोघेही आपापल्या पाठाशी प्रामाणिक. यांपैकी एकाला 'चूक' म्हणणे सोपे आहे. पण ड्रम्स दुबळे आहेत, हा बँड मुळात गळ्याचा आहे, असे जे मत अशा श्रोत्याने बनवले, तेही त्याच्या प्रतीने घडवलेले मत आहे. आणि छापील कॅसेट ऐकणाऱ्याचे उलट मतही त्याच्या प्रतीनेच घडवलेले आहे. पाठभेदातून मूल्यनिर्णय कसा निपजतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठी पाठचिकित्सेच्या पुस्तकांतही क्वचित सापडेल. तिथे पाठभेदांच्या याद्या असतात. त्या भेदांनी वाचकाचे काय केले याची नोंद नसते.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येणार. पहिला देशीवादाच्या नावाने. इंग्रजीत गाणारा, अमेरिकी वळणाचा, महानगरी वर्गाचा बँड. त्याचा मराठी समीक्षेशी संबंध काय? भालचंद्र नेमाड्यांनी मांडलेला देशीयतेचा विचार गंभीर होता. साहित्याचे निकष त्या त्या भूमीतल्या व्यवहारातून यावेत, उसने आणू नयेत, असा त्याचा रोख. परंतु हा विचार ढालीसारखा वापरणाऱ्यांनी 'भूमीतला व्यवहार' याचा अर्थ 'भूमीत जे असायला हवे होते ते' असा करून टाकला. वसईच्या बागायतीतल्या घरात, सामवेदी बोलीत आईशी भांडून, एक मुलगा इंग्रजी गाण्याची तिसरी प्रत ऐकतो आहे. हा व्यवहार त्या भूमीत घडलेला आहे. तो नको असला, तरी आहे. समीक्षेचे काम आहे ते वाचण्याचे.

आणि वसईपुढे देशी-परकीची सोपी वाटणी मांडणे तर विशेष धाडसाचे. येथील ख्रिस्ती समाज शतकानुशतके मराठीच्या बोली बोलत आला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) त्याची मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. लग्नाच्या वरातीत त्याच्याकडे पितळी वाद्यांचा बँड वाजतो आणि बायका मराठी गाणी म्हणतात. 'सुवार्ता' हे येथून निघणारे मासिक मराठी, आणि त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या आणि मंदिरांत टांगल्या गेल्या; मेणवलीची घंटा त्यांतली सर्वपरिचित. पोर्तुगीज ओतकामाचा तो नाद गेली कित्येक वर्षे देवळातला नाद म्हणून ऐकला जात आहे, आणि त्याला परका म्हणण्याचे कोणाला सुचलेले नाही. ध्वनीचे गोत्र ओतणाऱ्यावरून ठरत असेल, तर ती घंटा उतरवावी लागेल.

याच अंगाने 'क्रिस्तपुराणा'चे उदाहरण घ्यावे. थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. त्याने मराठी ओवी लिहिली, १६१६ मध्ये ती रोमन लिपीत छापली गेली, आणि आज ती मराठीचा अभिमान आहे. असावीच. मात्र इंग्रजाने मराठी ओवी रचली तर ती आपली, आणि तिनईकर आडनावाच्या माणसाने इंग्रजी गाण्यात गिटार वाजवली तर ती परकी, या हिशेबात आवक तेवढी धरली आहे. जावक दिसली की वही मिटते. 'क्रिस्तपुराणा'च्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत हाती लागलेली नाही. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती सिद्ध झाली ती भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींवरून. देवनागरीतला पाठ मिळाला तो लंडनच्या एका संग्रहातल्या हस्तलिखितात. छापील मूळ नष्ट झाले, नकला उरल्या. ज्यांनी त्या उतरवल्या त्यांना कोणी त्या काळी पाठपरंपरेचे वाहक म्हटले नसेल. ते फक्त चाहते होते.

दुसरा आक्षेप सिद्धान्ताच्या गोटातून येईल आणि तो अधिक चतुर असेल: 'मूळ' नसतेच हे तर केव्हाच सिद्ध झाले, रोलां बार्थने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू जाहीर केला, त्याआधी वाल्टर बेंजामिनने यांत्रिक प्रतिरूपाच्या युगात कलाकृतीची आभा विरते असे सांगितले, यात नवे ते काय? नवे काही नाही. फक्त, मराठीत बार्थचे नाव घेऊन लिहिलेल्या बहुतेक लेखांतून लेखक मेला, पण त्याच्या जागी कोणता वाचक जन्मला त्याचे नाव-गाव कधी कळले नाही. तो वाचक सिद्धान्तात राहतो. त्याला कोणतीही गाडी पकडायची नसते. शिवाय बेंजामिनचे म्हणणे कॅसेटच्या प्रतीला जसेच्या तसे लागूही पडत नाही. त्याच्यासमोर छायाचित्र आणि चित्रपट होते, जिथे एक प्रत दुसरीसारखीच असते. हाताने उतरवलेली फीत तशी नसते. तिच्यावर उतरवणाऱ्याचे अक्षर असते, त्याने कापलेले गाणे असते, मध्येच रेकॉर्डिंगचे बटण चुकीच्या वेळी दाबल्याची खटकन खूण असते. आभा विरण्याऐवजी येथे ती प्रतीगणिक नव्याने जमा झाली. उसना सिद्धान्त आणि घरची वस्तू यांचे माप जुळत नसेल, तर सिद्धान्त उसवून पाहावा. मराठीत वस्तूच टाकून देण्याची रीत आहे.

एक शंका उरते, आणि ती प्रामाणिक आहे. प्रत्येक प्रत हा स्वतंत्र पाठ मानला, तर मूल्यमापन कोठे राहिले? वाईट मुद्रण आणि चांगले मुद्रण यांत भेदच नाही काय? आहे. 'द सेकंड कमिंग'ची छापील प्रत आणि तिची तिसरी नक्कल समोर ठेवली, तर गायकाने आणि वादकांनी काय केले हे जाणण्यासाठी पहिलीच घ्यावी. यात संशय नको. पण बँडने काय केले हा एक प्रश्न, आणि बँड काय झाला हा दुसरा. चाहत्यांचे भांडण विकोपाला जाते ते या दोन प्रश्नांना एकच उत्तर मागितल्यामुळे. समीक्षक तर दुसरा प्रश्न विचारातच घेत नाही. १९८८ मध्ये मुंबईत मुद्रित झालेला संग्रह एकच. नायगाव ते विरार या पट्ट्यात तो किती रूपांनी पोहोचला, कोणत्या गाण्याचा उत्तरार्ध तिथे माहीतच नव्हता, कोणते परके गाणे या बँडचे म्हणून गायले गेले, याचा शोध पहिल्या संग्रहावर कितीही वेळा कान लावला तरी लागणार नाही.

तो शोध लागेल तो फितींतून, आणि फिती फार काळ थांबणार नाहीत. चुंबकीय लेप झडतो, दमट हवेत बुरशी धरते. वसईची हवा खारी आहे. महानगरपालिका झाल्यापासून, २००९ पासून म्हणा किंवा त्याच्याही आधीपासून, बागायतीतली जुनी घरे मोडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि घर मोडताना माळ्यावरचा कॅसेटचा खोका भंगारात जातो. भंगारवाल्याकडे वजन होते ते प्लास्टिकचे. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने एका उन्हाळ्यात दोन विद्यार्थी, एक चालू टेपरेकॉर्डर आणि एक वही घेऊन या पट्ट्यात फिरावे: कॅसेट कोणाकडून उतरवली, कोणत्या सालची, बाजू कोठे तुटते, पट्टी किती खाली आहे, मुखपृष्ठावर हाताने लिहिलेली गाण्यांची नावे कशी आहेत, इंग्रजी नावे देवनागरीत लिहिली आहेत काय. पोथ्यांच्या याद्या करताना रकाने याच धर्तीचे असत. राजवाड्यांनी पोथ्या शोधल्या त्याही माळ्यांवर आणि अडगळीतच होत्या.